पाठीमागे ओतलेलं पाणी

आल्पेर, ते दार लोटून घे. वारा आत आला की दिवा हलतो, आणि दिवा हलला की गालिच्याचा लाल रंग गिऱ्हाइकाला तपकिरी दिसतो. आता गिऱ्हाईक कुठलं म्हणा, सगळे खाली बंदरावर मासे खात बसले असतील. बसा दोघंही. चहा घ्या.

चाळीस वर्षं मी या अंताल्यात गालिचे विकतोय. गालिच्याच्या वयाबद्दल खोटं बोललोय, नाही म्हणत नाही. पण ही गोष्ट नेजमीची. त्याचं साबणाचं दुकान माझ्या भिंतीला लागून होतं. मला सांगितली तेव्हा तो बिनसाखरेचा चहा पीत होता. एका पेल्यात साखरेचे तीन खडे टाकणारा माणूस.

अकरा डिसेंबर, सोमवार. रात्रीची अजान होऊन पंधरा-वीस मिनिटं झाली होती, म्हणजे साडेसातचा सुमार. नेजमी करालिओलू बागेकडे निघाला होता. हातात तांब्याची सुरई, सुरईत घरच्या नळाचं पाणी. बायकोनं काम सांगितलं होतं.

त्याचा एकुलता एक मुलगा तायलान मालवाहू बोटीवर लागला होता. बापाला वाटे, पोरानं दुकान सांभाळावं. निघायच्या सकाळी मुयेस्सेर, म्हणजे नेजमीची बायको, गेलेला परत यावा म्हणून त्याच्या पाठीमागे ओतायचं पाणी सुरईत घेऊन जिन्यात उभी राहिली. नेजमीनं ती काढून घेतली आणि पाणी कुंडीत ओतलं.

"समुद्राची हमाली करायला निघालाय. त्याला कसलं पाणी? जाऊ दे कोरडाच."

पोरगा मागे न बघता उतरला.

बोट संगमरवर भरून लिबियाकडे गेली. नऊ दिवस झाले. ना फोन, ना निरोप. बोटवाल्यांच्या कचेरीतला माणूस रोज म्हणे, उद्या कळवतो. मुयेस्सेर रोज संध्याकाळी बागेच्या कठड्याशी जाऊन समुद्राकडे बघत बसायची. त्या सोमवारी तिला ताप भरला.

"आज तुम्ही जा," ती म्हणाली. "जे ओतू दिलं नाहीत, ते ओतून या."

"नऊ दिवसांनी? बोट काय कोपऱ्यावर थांबलीय?"

"उशिरा का होईना, पोचेल."

"अगं, लोक हसतील मला."

"तुमच्या साबणालाही हसतात. विकायचं थांबलात का?"

गेला बिचारा. बोलून दाखवत नव्हता, पण नऊ रात्री त्याचाही डोळा लागला नव्हता.

लोदोस सुटला होता. हा दक्षिणेचा वारा सुटला की आमच्याकडे माणसं घराबाहेर पडत नाहीत, डोकी दुखतात. बागेत चिटपाखरू नाही. कडू संत्री झाडावरून सुटून फरशीवर पडत होती. खाली बंदरात डोलकाठ्या खडखडत होत्या. कठड्यापलीकडे तुम्हाला ठाऊकच आहे, सरळ कडा आणि खाली समुद्र.

कठड्याजवळच्या बाकावर एक माणूस बसला होता. पाठमोरा. नेजमीला जरा संकोच वाटला, पण वाऱ्यात कोण ऐकतंय? बाकाच्या मागेच चार पावलांवर तो उभा राहिला. डोळे मिटले. सुरई कलती केली.

"पाण्यासारखा जा, पाण्यासारखा परत ये."

डोळे उघडले तर बाक रिकामा.

माणूस उठला होता. कठड्याकडे तीन पावलं गेला होता. अजून पाठमोराच. आणि फरशीवरून ओघळलेलं पाणी त्याच्या टाचांपर्यंत पोचलं होतं...

"सामी काका, त्यांनी मुलाचं नाव घेतलं होतं ना?"

नाही, आल्पेर. तुझी आई तुझ्यामागे पाणी ओतते तेव्हा नाव घेते का? पाठ समोर असते. पाणी पाठ बघून जातं. नेजमीनं पाणी ओतलं, तेव्हा त्याच्यासमोर एकच पाठ होती.

तो माणूस वळला नाही. म्हणाला, "फार वर्षं झाली, काका. माझ्यामागे कुणी ओतलं नव्हतं."

"ते... ते तुझ्यासाठी नव्हतं, पोरा."

नुसता वारा.

"घर कुठं तुमचं?"

नेजमीनं रिकामी सुरई छातीशी धरली.

"असू दे. पाणी दाखवील."

तो चालायला लागला. कठडा चढला नाही. वाकला नाही. कठडा तिथंच होता... आणि तो पलीकडे होता. मग पलीकडेही नव्हता.

खाली काही पडल्याचा आवाज आला नाही.

घरी मुयेस्सेर जागीच होती.

"ओतलंत?"

"ओतलं."

"त्याच्याच नावानं ना?"

नेजमीनं दिवा मालवला.

गुरुवारी पहाटे फोन वाजला. तायलान. इंजिन बंद पडलं होतं, दुसऱ्या बोटीनं ओढत क्रीटला नेलं होतं. सगळे सुखरूप. शनिवारी, सोळा तारखेला संध्याकाळी, पोरगा दारात. वाळला होता, पण धडधाकट. मुयेस्सेर त्याला सोडेना. नेजमी तर पोराच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. मी त्याला उभ्या आयुष्यात रडताना पाहिलं नव्हतं.

"बाबा, पाणी कुंडीला घातलंत, तरी आलो बघा," पोरगा म्हणाला. सगळे हसले. घेवडा आणि भात झाला. पोरगा तिसऱ्यांदा वाढून घेत होता.

मुयेस्सेर उठून दाराबाहेर गेली. आपल्या बायकांची रीत, आलेल्याचे बूट बाहेरच्या दिशेनं वळवून ठेवायचे, निघताना त्याला सोपं जावं म्हणून. बराच वेळ ती आत आली नाही. मग तिथूनच तिनं हाक मारली. अगदी हळू.

"तायलान... तुझ्याबरोबर कुणी आलंय का?"

"नाही, आई. का?"

नेजमी उठून गेला.

पोराच्या बुटांशेजारी आणखी एक जोड होता. काळा, जुन्या घडणीचा. नाड्या बांधलेल्या. काठोकाठ समुद्राच्या पाण्यानं भरलेला. टोकं घराच्या आत वळलेली.

जिना खालपर्यंत कोरडा होता.