खाडीपलीकडचं मतदान केंद्र

"हलू नका!"

उमैमा इतक्या जोरात ओरडली की खिडकीतलं कबुतर उडालं, आणि वर्गाच्या मधोमध उभा असलेला तो तरुण दचकून हललाच. तिनं धावत जाऊन त्याची कॉलर धरली, त्याला व्हरांड्यात खेचलं, आणि तो उभा होता तिथं छताच्या गिलाव्याचा ताटाएवढा तुकडा धप्पकन पडला.

बाहेर पागोळ्या गळत होत्या. पांढरी धूळ त्याच्या केसांवर, भुवयांवर, अगदी पापण्यांवरसुद्धा बसली होती.

"सोडा आता," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"कॉलर."

चटका बसल्यासारखा तिनं हात मागे घेतला. "तुम्ही कोण? बंद शाळेत काय करताय?"

"मी रेहान. तहसील कचेरीतून आलोय, निवडणूक शाखा. मतदान केंद्रांची पाहणी चाललीय. इथल्या बीएलओ मॅडमना शोधत होतो."

"सापडल्या."

"बऱ्या वेळेला सापडल्या," असं म्हणून तो हसला. धुळीतून डोळे तेवढे दिसत होते. उमैमानं ओढणी सावरली आणि उगाच छताकडे पाहिलं.

उमैमा बंदर मोहल्ल्याची अंगणवाडी चालवायची आणि बीएलओ म्हणून मतदारयादीचं कामही तिच्याकडेच होतं. कोण मयत, कोण लग्न होऊन आलं, कोण कुवेतला गेलं, हे तिला यादीच्या आधीच ठाऊक असायचं. निवडणुकीला मोहल्ला ह्याच शाळेत मत द्यायचा. पोरं कमी झाली म्हणून शाळा बंद पडली, तरी मतदानाच्या दिवशी तिचं दार उघडायचं.

रेहाननं मोबाईल काढून छताचा फोटो घेतला.

"फोटो कशाला?"

"लिहावं लागेल ना. खोली धोकादायक."

"मग केंद्र?"

"मग केंद्र..." तो घुटमळला. "पलीकडच्या हायस्कुलात. तसा मसुदा तयारच आहे. नकाशावर अगदी समोर दिसतं."

"समोरच आहे," उमैमा म्हणाली, "मध्ये तेवढी खाडी आहे."

"पण खाडीवरची तर, ती होडीची फेरी, चालू आहे ना? माणसं रोज होडीतून बाजाराला जातात. साहेब म्हणाले, तर चालू असली की तो रस्ताच."

"साहेब बसलेत कधी तरीत?"

"साहेबांचं माहीत नाही. मी नाही बसलो." त्यानं केसांवरची धूळ झटकली. "मी पोफळीचा. वडील पॉवरहाऊसला होते, कॉलनीत वाढलो. आमच्याकडचं पाणी बोगद्यातून, डोंगराच्या पोटातून जातं. ते दिसत नाही म्हणून त्याची भीतीही वाटत नाही."

उमैमाला हसू आलं नाही. तिला पाणी दिसत होतं, रोज, घराच्या मागच्या दारातून. आणि त्याच्याकडे पाठ करूनच ती भांडी घासायची.

"हरकत घ्या," तो जाता जाता म्हणाला. "मोहल्ल्यातर्फे अर्ज द्या. मी साहेबांना सांगून पाहणी लावतो. तुम्ही मला तरीनं पलीकडे न्या, जे दिसेल ते मी लिहीन."

"मी?"

"बीएलओ सोबत लागतातच. का? येणार ना?"

त्याच्या एका पापणीवर अजून चुन्याचा ठिपका होता. त्या ठिपक्याकडे बघता बघता ती "हो" म्हणून बसली.

आता ह्या "हो"ची गंमत अशी, की उमैमा चौथीत असल्यापासून होडीत बसली नव्हती. तेव्हा पलीकडचं लग्न उरकून परतताना, सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या जोरात, खाडीच्या मुखाशी होडी उलटली होती. तिला आठवायचं ते एवढंच... हिरवा अंधार, नाकातोंडात खारट आग, आणि डोक्याला बसलेला जीवघेणा हिसका. कनीज मामीनं तिची वेणी पकडून तिला वर खेचलं होतं. कुणी दगावलं नाही. पण होडी होती मामीच्या नवऱ्याची, नझीर मामूची, आणि वल्ह्यावर मामूच होता. त्याच्या बापजाद्यांनी ही तर चालवलेली. त्याच्यासमोर तो विषय काढायचा नाही, असं कुणी न सांगताच मोहल्ल्यात ठरून गेलं. उमैमाचे अब्बा कतारला, घरात ती आणि अम्मी. बाजारहाट, आजारपण, शाळेची फी, सगळ्याला मामूच धावून आला. त्याला कसं सांगायचं, की मामू, तुझ्या होडीची मला भीती वाटते? म्हणून ती म्हणायची, मला होडी लागते, उलट्या होतात. आणि डोंगराला वळसा घालणाऱ्या एसटीनं जायची.

अर्ज गेला. रेहानचे फोन येऊ लागले. आधी कामाचे.

"मॅडम, मोहल्ल्यात चालता न येणारे मतदार किती?"

"पलीकडे जायचं म्हटल्यावर सगळेच."

"असं नाही लिहिता येत हो."

मग बिनकामाचे. पाऊस आहे का? आहे. फार? पावसासारखाच. जेवलात? तहसील कचेरीतल्या कारकुनांना सगळा तालुका भाऊसाहेब म्हणतो, पण उमैमाला ते काही म्हणवेना. ती नुसतं "ऐका ना" म्हणायची. फोन ठेवला की गाल गरम व्हायचे आणि लगेच हात गार पडायचे, कारण प्रत्येक फोनबरोबर पाहणीचा दिवस जवळ येत होता. शिवाय आणखी एक भीती होतीच. पाणी शांत असलं तर तो "रस्ता चांगला आहे" असं लिहिणार आणि केंद्र जाणार. पाणी खवळलेलं असलं तर केंद्र राहील, पण आधी तिला त्यात बसावं लागेल. तिनं दुआ तरी कसली मागायची?

पाहणीच्या सकाळी पाऊस नुसता भुरभुरत होता, आणि खाडी ताटातल्या दुधासारखी निपचित होती.

मोहल्ला धक्क्यावर गोळा झालेला. आणि नझीर मामू! त्यानं होडी नव्यानं रंगवली होती. फळीवर घरची गोधडी अंथरली होती. अंगात ईदचा कुर्ता. मामूला सगळ्यांनी बजावून सांगितलं होतं, साहेबांना सांग तर धोक्याची हाय, लाटा हायत, म्हातारी माणसं पडतात. मामूनं मान डोलावलीही होती. पण रेहाननं वही उघडून विचारलं, "चाचा, ह्या तरीत भीती वाटते का माणसांना?" आणि मामूची छाती आपोआप पुढे आली.

"भीती? आमच्या तरीत? साहेब, माझ्या बापापासून ही तर चालू हाय. आजवर कुणाची चप्पल भिजली नाय!"

मामूच्या मागे उभ्या कनीज मामीनं कपाळाला हात लावला.

"या बुढ्ढ्याचं तोंड शिवून ठेवा कुणीतरी," ती पुटपुटली.

रेहाननं पेन उचललं, पण लिहिलं नाही. त्यानं उमैमाकडे पाहिलं. "मॅडम? निघू या?"

सगळे बघत होते. रेहान आधी होडीत उतरला. उतरताना त्याचाही चेहरा फिका पडला होता, पण त्यानं हात पुढे केला. तळवा पावसानं ओला. किती दिवस तिनं त्या हाताचा विचार केला होता... आणि आता तो हात नाही, त्याच्या खालचं पाणी दिसत होतं. हिरवं. डुचमळणारं. होडी आणि धक्का यांच्यामधल्या फटीत ते चुळुक चुळुक वाजत होतं. तिनं पाय उचलला. पाय वर राहिला. कानात चौथीतल्या त्या पाण्याचे बुडबुडे वाजायला लागले.

"उमैमा?" रेहान म्हणाला. मॅडम नाही म्हणाला.

"मला..." तिचे दात वाजत होते. "मला नाही बसवत, मामू."

मामू गडबडला. "होडी लागते तुला, ठाव हाय. लिंबू दे गो कुणीतरी..."

"होडी लागत नाही मला. कधीच लागली नाही."

एवढंच बोलली ती. धक्क्याच्या पायरीवर ती मटकन खाली बसली, आणि नकळत तिचा हात आपल्या वेणीवर गेला, मुळाशी, घट्ट.

मामूनं ते पाहिलं. बराच वेळ तो तिच्या हाताकडेच बघत राहिला. मग त्यानं कनीज मामीकडे पाहिलं.

"तू पण भितेस?" त्यानं विचारलं.

"चाळीस वर्षं," मामी म्हणाली. "प्रत्येक येळंला कलमा वाचत बसते. तुला वाटतं, मी शेजारणीला शिव्या देतेय."

कुणीतरी हसलं. मागून एक बाई म्हणाली, मी तर डोळेच उघडत नाय. दुसरी म्हणाली, बाळंतपणाला जाताना मी ह्याच होडीत रडत होते, आणि तुम्हांला वाटलं कळा येतायत. खलाशांच्या मोहल्ल्यातल्या बायका त्या, पाण्याला भितो असं बोलायची त्यांच्यात पद्धतच नव्हती. आता एकीचं ऐकून दुसरी बोलत होती, आणि मामू वल्हं धरून ऐकत होता. त्याचा ईदचा कुर्ता खांद्यावर कसा सैल झाल्यासारखा वाटला.

"साहेब," शेवटी तो म्हणाला, "मगाचं माझं खोडा. उलटली व्हती. माझ्याच हातानं उलटली. ही पोर पाण्याखाली व्हती." त्यानं वल्हं खाली ठेवलं. "तर बंद करा पायजे तर. पण लिहा."

रेहान होडीतून वर आला. उमैमापासून एक पायरी सोडून बसला आणि पावसात तसाच, गुडघ्यावर वही धरून लिहू लागला.

"तर बंद नाही होणार, चाचा," तो म्हणाला. "ज्याला बाजाराला जायचंय त्यानं खुशाल जावं. मत द्यायला कुणाला जीव मुठीत धरून जावं लागू नये, एवढंच लिहितोय." मग फक्त तिला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला, "मला पोहता येत नाही. होडीत उभा होतो ना, तेव्हा पाय लटपटत होते. तुम्ही आला नाहीत म्हणून वाचलो."

"मग हात कशाला पुढे केलात?"

"तुम्ही धरला असता ना."

तिनं मान वर केली नाही. वर केली असती तर काय झालं असतं, याचीही तिला तेवढीच भीती वाटली.

त्यानंतर दिवस गेले. निकाल येईना. फोनही बंद झाले. हरकतीचा निर्णय लागेपर्यंत बोलणं बरं दिसत नाही, असा त्याचा एक मेसेज आला आणि मग काहीच नाही. उमैमाला वाटायला लागलं, वरच्या साहेबांनी अहवाल फेकून दिला असणार. किंवा त्याची बदली झाली असणार. किंवा पायरीवर बसून थरथरणारी बाई आठवून तो आता मित्रांत हसत असणार. मामू तिच्याशी फार हळू बोलायचा. एकदा नुसताच दारात येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवून गेला.

मग ती दुपार आली. दोन दिवस कोसळत होता, घाटात दरड पडून एसटी बंद. अंगणवाडीतली पोरं घरी पाठवून उमैमा दार ओढत होती, तेवढ्यात मामी धापा टाकत आली.

"अगो, तुझा तो कचेरीवाला! तरीत बसून येतोय!"

"आज? ह्या पाण्यात?"

खाडी मातकट, फुगलेली. सुकती लागली होती आणि वरून वारा. मधोमध मामूची होडी लाटेवर चढत होती, दिसत होती, आणि पुन्हा नाहीशी होत होती. नाळेजवळ, होडीच्या पुढच्या टोकाला, एक काळी छत्री उलटी होऊन फडफडत होती. छत्रीचा दांडा काखेत दाबलेला माणूस... दोन्ही हातांनी फळी धरून बसलेला.

उमैमा धक्क्यापर्यंत धावत आली. पोहता येत नाही याला. मामूला सांगितलंय का यानं? होडी मुखाकडे ओढली गेली तर? वेणीसुद्धा नाही याला, धरायचं कशाला? वेड्यासारखा हा विचार तिच्या मनात आला आणि तिला रडूच फुटलं. ती धक्क्याच्या पायऱ्या उतरत गेली. एक, आणखी एक. होडी टेकली तेव्हा मामीनं मागून हाक मारली, "पोरी, पाण्यात उभी हायस!" तिनं खाली पाहिलं. सलवार गुडघ्यापर्यंत भिजली होती.

रेहान उतरला तो चुन्यासारखा पांढराफटक. पिशवी छातीशी धरलेली.

"केंद्र... इथेच राहिलं," तो धापा टाकत म्हणाला. "तुमच्या अंगणवाडीत. आदेश निघाला. फक्त भिंतीवरचं घड्याळ, हत्ती, सायकल, सगळी चित्रं कागदानं झाकायची. पक्षांची चिन्हं होतात ती."

"हे फोनवर सांगता आलं नसतं?"

"आलं असतं."

"दरड काढेपर्यंत थांबता आलं नसतं?"

"दुसरंही एक विचारायचं होतं. ते फोनवर... नसतं आलं." त्यानं ओला चेहरा पुसला, तो आणखीच ओला झाला. "माझी आई पोफळीहून यायचं म्हणतेय. तुमच्या घरी. म्हणजे तुमची हरकत नसेल तर. हरकत असली तर... मुदत आहे."

मामूनं एकदम होडीतलं पाणी उपसायला घेतलं. होडीत पाणी फारसं नव्हतंच.

लाटा उमैमाच्या पायांवर आपटत होत्या, आणि तिचा हात कधी त्याच्या बाहीवर गेला ते तिलाही कळलं नाही. तिनं बाही मुठीत घट्ट धरली होती, त्या पहिल्या दिवशी कॉलर धरली होती त्याहूनही घट्ट.

"त्यांना रस्त्यानं आणा," ती म्हणाली. "दरड निघाल्यावर. आणि तुम्ही... तुम्ही पुन्हा असे तरीनं येऊ नका."

"का?"

"मला भीती वाटते."

"पाण्याची?"

तिनं मान हलवली. नाही म्हणून. आणि मग, पहिल्यांदाच, सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.