बाहेरची कडी

बेंगळूरच्या चामराजपेटेत माझं ॲल्युमिनियमचं दुकान आहे. खिडक्या, सरकती दारं, बाल्कनीच्या जाळ्या. गेली काही वर्षं लोकांना काचेच्या खोल्यांचं वेड लागलंय, म्हणून त्याही करतो. गच्चीवर तीन बाजूंनी काच, वर काच, आत वेताच्या खुर्च्या आणि कुंड्या. मोबाईलवर कुठल्यातरी बर्फाच्या देशातला फोटो दाखवतात आणि म्हणतात, अस्संच पाहिजे. त्या लोकांना ऊन मिळत नाही म्हणून ते उन्हाला काचेत कोंडतात. आपल्याला उन्हाची काय कमतरता आहे? पण हे मी गिऱ्हाइकाला कधी म्हणत नाही. मी माप घेतो.

बनशंकरीच्या रघुनंदन सरांनाही मी म्हटलं नाही. सर पन्नाशीचे, लग्न न केलेले, घरात ते आणि त्यांची आई. बहीण पुण्यात. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडं आलेलं. त्यांची मराठी ऐकली की पहिल्यांदा हसू येतं, दर चार शब्दांमागे एक कन्नड. मी निपाणीचा. "आपल्या भाषेचा माणूस" म्हणून काम मला मिळालं.

काम सुरू करण्याआधी एकदा तोंड उघडलं होतं, हे खरं. म्हटलं, "वर दोन झडपा ठेवूया सर. गरम हवा निघून जायला वाट पाहिजे. आणि एक पंखा."

सर हसले. "अण्णा, हे बेंगळूर आहे. आमच्या आजोबांच्या घरात पंखाच नव्हता. पंखे लावणारे सगळे बाहेरून आलेले."

बाहेरून आलेला मी समोरच उभा होतो.

"आणि झडपेतनं धूळ येते, पाऊस येतो, डास येतात. आईला बाराही महिने बसता आलं पाहिजे तिथं."

"सरी," मी म्हटलं. सरी म्हणजे कन्नडमध्ये बरं; इथं सरी म्हटलं की विषय संपतो. खोली पश्चिमेला तोंड करून होती, वर काचेचं झाकण, कडेकडेनं रबर आणि सिलिकॉन. पाण्याचा थेंब आत जाणार नाही असं काम मी केलं आणि वर बढाईही मारली की आवाजसुद्धा जाणार नाही. एप्रिलात त्या खोलीचं काय होणार हे मला पक्कं माहीत होतं. हे आत्ताच लिहून टाकतो. पुढं माझ्या बाजूनं बोलायला मीच पहिला उभा राहीन, तेव्हा माझं ऐकू नका.

सरांच्या आईचं नाव गोदूबाई. शहात्तर वर्षांच्या, बुटक्या, कडक इस्त्रीची सुती साडी. काम चालू असताना रोज वर यायच्या. पहिल्याच दिवशी नाव विचारलं. अप्पासाहेब म्हटल्यावर पदर तोंडाला लावून हसल्या. "नाव साहेबाचं आणि तोंडात स्क्रू!" काचा बसल्या तेव्हा आत जाऊन गोल फिरल्या आणि म्हणाल्या, "का हो अप्पासाहेब, मला लोणच्यासारखं मुरवायला ठेवताय की काय?"

"छे हो अक्का. मुलानं हौसेनं केलंय."

"त्याची हौस, माझं ऊन. बरं, स्वल्प कॉफी घ्या."

तीच कॉफी दहा मिनिटांनी पुन्हा विचारायच्या. विसरायला लागल्या होत्या. दोनदा घरातून निघून बनशंकरीच्या देवळापाशी सापडल्या. एकदा रिक्षावाल्यानं आणून सोडलं.

काम संपल्यावर महिन्याभरानं सरांचा फोन आला. सरकत्या दाराला बाहेरून कडी लावायची होती. कामवाली शिवलीला बाराला जेवण देऊन जाते आणि चारला परत येते. मधले चार तास आई एकटी. "खाली ठेवली तर रस्त्यावर जाते. वर उजेड आहे, कुंड्या आहेत, कावळे बघत बसते. सुखात असते हो."

मी गेलो. टॉवर बोल्ट, म्हणजे सरकवायची लांब कडी नेली, चांगली जाड. मी बाहेरून ड्रिल मारत होतो आणि गोदूबाई आतून, काचेला नाक लावून, बघत होत्या. दार अर्धवट सरकवून विचारलं, "हे कुणासाठी?"

"माकडांसाठी, अक्का. माकडं फार झालीत."

त्यांनी कडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी डोकं साफ होतं त्यांचं. "म्हणजे मी बाहेर असणार आणि माकड आत. असंच ना?"

मी हसलो. हसण्याशिवाय काय करणार होतो, असं आजवर स्वतःला सांगत आलोय. करण्यासारखं बरंच होतं. ड्रिल पिशवीत घालून घरी जाता आलं असतं.

त्या एप्रिलात बेंगळूर भाजून निघालं. बोअरवेल आटल्या, आणि ज्यांच्या आजोबांकडं पंखा नव्हता ते सगळे एसीच्या दुकानापुढं रांगेत उभे राहिले. एका बुधवारी सकाळी सरांचा फोन आला.

"अप्पासाहेब, आई गेली. काल दुपारी. हार्ट. झोपेतच."

मी काहीबाही बोललो. मग सर त्याच आवाजात म्हणाले, "ती कडी काढायची होती."



"आसावरी काल रात्री पुण्याहून आलीय. गच्चीला मी कुलूप घातलंय. शुक्रवारी आम्ही सगळे अस्थी घेऊन श्रीरंगपट्टणला जाऊ. घर रिकामं असेल. शिवलीला किल्ली देईल. भोकंही बुजवा, पांढरं सिलिकॉन घालून. आणि कुणी विचारलं तर... ते दार पहिल्यापासून असंच आहे."

"सरी," मी म्हटलं.

शुक्रवारी दुपारी दीड वाजता पोचलो. शिवलीला खालच्या पायरीवर बसली होती. किल्ली दिली, पण उठली नाही.

"तू येत नाहीस वर?"

"नको अण्णा. मंगळवारी साहेबांबरोबर मीच वर गेले होते चारला. काचेला टेकून बसल्या होत्या अम्मा. नंतर साहेब म्हणाले, काच पूस." ती हाताची बोटं बघत राहिली. "बोटांचे डाग होते सगळीकडं. उंचीला इथपर्यंत. मी पुसले. मला नोकरी आहे ना, पुसले."

वर फरशी इतकी तापली होती की चपलेचं रबर मऊ लागत होतं. दारापाशी गेलो. सवयीनं हाताचा पालथा पंजा ॲल्युमिनियमला लावला. पश्चिमेचं ऊन, भर दुपार, धातू चटका द्यायला पाहिजे होता.

गार होता. नुकत्याच विहिरीतून काढलेल्या कळशीसारखा.

काच बघितली. काचही गार. मी बावीस वर्षं काचेत काम करतोय. सावलीतली काच, पावसातली काच, एसीच्या खोलीची काच, सगळ्या हाताला ओळखीच्या आहेत. ही मला ओळखता आली नाही.

कडी घातलेली होती. मंगळवारनंतर कुणीतरी ओढून घेतली असेल, मी मनाशी म्हटलं. सवयीनं घातली असेल. आत वेताची खुर्ची, उशी, सुकलेली तुळस. माणूस कुणी नाही. आधी स्क्रू काढावेत, मग दार उघडून आतून बघावं, असा विचार केला आणि गुडघ्यावर बसलो.

पहिला स्क्रू निघाला तेव्हा माझ्या तोंडासमोरच्या काचेवर वाफ धरली.

बशीएवढी. मी बाहीनं पुसली. पुसली जाईना. आतल्या बाजूनं होती. ती हळूहळू विरली, आणि विरता विरता पुन्हा धरली. त्याच जागी. पुन्हा विरली. आत ओल राहिली असेल, कुंडीतली असेल, मी मनात कारणं मांडत होतो आणि हात स्क्रू फिरवत होते. पण ओल अशी येऊन जाऊन राहत नाही. तिला ठेका होता. भरभर, उथळ ठेका. धावून आलेल्या माणसाचा असतो तसा.

दुसरा. तिसरा.

मग आवाज. अगदी बारीक, काचेपलीकडून यावा तसा. एक बाई कुणाशी तरी बोलत होती. शब्द कळत नव्हते, पण चाल मराठी होती. शेजारचा टीव्ही, मी म्हटलं. त्या गल्लीत दुसरं मराठी घर नाही.

चौथा. पाचवा. मी वर बघत नव्हतो. मुद्दाम बघत नव्हतो, हे लिहिलंच पाहिजे. वर बघितलं तर काहीतरी करावं लागेल, एवढं मला कळत होतं.

सहावा स्क्रू निघाला. कडी हातात आली.

मी ती पिशवीत टाकली.

तेव्हा दार हललं. एकदाच. आतून कुणीतरी मुठीला हात घालून, आता उघडणारच अशा भरवशानं, ओढावं तसं.

मी भोकांत सिलिकॉन भरलं. बोटानं सपाट केलं.

दार न उघडता जिना उतरलो.

शिवलीलानं माझ्या तोंडाकडं बघितलं. मी किल्ली तिच्या पुढ्यात ठेवली.

दोन आठवड्यांनी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "मी आसावरी. गोदूबाईंची मुलगी. दादा ऑफिसला गेलाय. तुम्ही येऊ शकाल?" अर्ध्या तासात सरांचाही आला. "ती काय विचारेल ते विचारेल. पहिल्यापासून असंच आहे दार. कळलं ना अण्णा? एवढ्यावर सगळं आहे."

मी फोन ठेवला. सरी म्हणालो नाही एवढंच.

आसावरीताई गच्चीवर होत्या. पंचेचाळीसच्या आसपास, आईसारख्याच बुटक्या. काचेच्या दाराशी उभ्या होत्या, आणि सिलिकॉनच्या पांढऱ्या ठिपक्यांवर बोट.

"हे काय?"

उत्तर तयार होतं. जादा भोकं पडतात ताई, बुजवतो आम्ही. माझ्यासारख्या कारागिराला कोण खोटं पाडणार? सर सुटले असते, मीही सुटलो असतो, आणि गोदूबाई झोपेत गेल्या असत्या कायमच्या.

"कडी होती," मी म्हटलं. "बाहेरून. मी लावली. तुमच्या दादांनी सांगितली म्हणून, पण लावली मी. आणि मीच काढली. त्या आत कोंडलेल्या होत्या, ताई. झोपेत नाही गेल्या."

मला वाटलं त्या ओरडतील. थोबाडीत देतील. दिली असती तर बरं झालं असतं.

त्यांनी नुसती मान हलवली. "माहीत आहे. आईनं सांगितलं मला."

"केव्हा?"

"मंगळवारी. तिच्याजवळ एक छोटा फोन असायचा. एक चाळीसला तिनं मला केला. मी ऑफिसात होते." त्या ठिपक्यांवरचं बोट काढत नव्हत्या. "दादाला सांगितलं नाही मी अजून. कुणालाच नाही. कारण त्या फोननंतर मी काहीच केलं नाही, अप्पासाहेब. शेजाऱ्यांना कळवलं नाही, पोलिसांना नाही, कुणाला नाही. आणि ते तुमच्यामुळं."

"माझ्यामुळं?"

"ती रडत होती. दार बंद आहे, दादा फोन उचलत नाही, जीव घाबरतोय. मी म्हटलं, थांब, कुणाला तरी पाठवते. तर एकदम आवाज बदलला तिचा. म्हणाली, राहू दे, राहू दे, अप्पासाहेब आलाय. दारापाशी बसलाय. कडीचे स्क्रू काढतोय. आता उघडेल." ताईंनी पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. "मला एवढंच विचारायचंय. तुम्ही आला होतात. मग उघडलं का नाहीत?"



"मंगळवारी मी येलहंक्याला कामावर होतो, ताई, शहराच्या दुसऱ्या टोकाला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तिथल्या लोकांना विचारा. कडी मी शुक्रवारी काढली. तुम्ही श्रीरंगपट्टणला होतात तेव्हा."

खाली रस्त्यावरून भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. मग ताई बोलल्या त्या माझ्याशी नव्हे, आठवून आठवून, स्वतःशी पडताळल्यासारखं.

"शेवटचा स्क्रू निघाला म्हणाली. कडी पिशवीत टाकली म्हणाली. मी म्हटलं, झालं तर मग, आई. सरकवायचं दार आहे, डावीकडं ओढ. तिनं ओढलं. मला फोनवर आवाज आला दाराचा."

"मग?"

"म्हणाली, उघडत नाहीये गं. आणि अप्पासाहेब जिना उतरतोय."