वरुणरावांनी न ऐकलेलं गाणं

ज्यांना ही थाप वाटेल, त्यांनी खुशाल वाटून घ्यावी. अखिला आजही तंजावुरात, राजवाड्यामागच्या गल्लीत राहते. फक्त तिला जाऊन विचारू नका. ती बोलता बोलता गप्प होते, आणि मग तिला बोलतं करणं अवघड जातं.

गेल्या वर्षीचा आडी महिना, तमिळांचा आषाढ. गुरुवार.

दुपारचे दोन.

रात्र नव्हती, अंधार नव्हता. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

अखिला गल्लीतल्याच एका छोट्या रेडिओ स्टेशनवर काम करते. दुपारचा गाण्यांचा कार्यक्रम तिचा. पण तो सुरू केला वरुणरावांनी, वीस वर्षांपूर्वी. त्याआधी इथं रेडिओ म्हणजे कर्नाटक संगीताच्या कचेऱ्या, सिनेमाची गाणी आणि शेतीच्या बातम्या. वरुणरावांनी माईकसमोर कुणाकुणाला आणावं? लग्नातला बँडवाला, नारळ उतरवणारा, कॉलेजात गिटार बडवणारी पोरं. ते नुसतं गाणाऱ्याचं नाव आणि गाव सांगायचे. आठवड्याभरात ते गाणं खेड्यांतल्या बसमध्ये वाजायचं, महिन्याभरात लग्नाच्या वरातीत नादस्वरावर. वरुणरावांनी नाव घेतलं की माणूस मार्गी लागला, असं सगळे म्हणायचे.

त्यांचा नियम एकच होता. स्टुडिओचं दार लावून, एकट्यानं, गाणं शेवटपर्यंत ऐकायचं. न ऐकलेल्या गाण्याचं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही.

अखिलाचा धाकटा भाऊ गणेशकुमार यानं सहा वर्षांपूर्वी त्यांना आपलं गाणं नेऊन दिलं होतं.

त्याच आठवड्यात वरुणराव वारले.

सहा वर्षं गणेशकुमार दारोदार फिरला. कुणी उभं केलं नाही. त्या बुधवारी तो पानावरून उठला आणि म्हणाला, "अक्का, पुरें झालें. सोमवारीं होसूरला जातों. कंपनींत काम हाय. गाणं सोडलों मी."

दोघांची आई, चंद्रमती, त्याचं पान उचलून आत गेली. अखिलाला मात्र भावाचा उतरलेला चेहरा बघवेना.

आणि तिनं नको ते केलं.

स्टेशनवर वरुणरावांच्या आवाजाची शेकडो रेकॉर्डिंग होती. तिनं ती कॉम्प्युटरला चारली आणि त्यांच्या आवाजात नवं वाक्य बनवून घेतलं. सगळ्यांना सांगितलं, जुन्या कपाटात सापडलं. भावालासुद्धा तेच सांगितलं.

"त्यांनीं ऐकलेलें?" गणेशकुमारनं विचारलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"ऐकलेलें की," अखिला म्हणाली.

गुरुवारी दोन वाजता तिनं हेडफोन चढवले. काचेपलीकडे इंजिनियर सेतुमाधव बसला होता. तिनं बटण दाबलं.

"तंजावुरचा गणेशकुमार. ऐका, मग सांगा."

हुबेहूब तोच आवाज. फाइल अकरा सेकंदांची होती. आता गाणं सुरू व्हायला हवं होतं.

बारा सेकंद...

तेरा...

हेडफोनमध्ये खुर्ची करकरली.

मग कुणीतरी श्वास घेतला. म्हाताऱ्या माणसाचा, घरघरता श्वास.

"हें मी ऐकलें नाहीं."

तिनं आवाजाची पट्टी खाली ओढली. आवाज कमी झाला नाही.

"नाव घेतलीस माझ्या तोंडून. आतां ऐकायला पाहिजे." मग अगदी कानाशी, "तूं नको ऐकूं. मी ऐकतों."

आणि गाणं सुरू झालं.

मृदंग वाजला. गिटार वाजली. जिथं गणेशकुमार गायला लागतो, ती जागा आली...

तिथं कुणीच गात नव्हतं.

तिनं हेडफोन ओरबाडून काढले. काचेपलीकडे सेतुमाधव डोळे मिटून ताल धरत होता. गाणं संपल्यावर तो आत आला. "काय आवाज हाय गं तुझ्या भावाचा. अंगावर कांटा आला."

"तुज ऐकायला आला?"

"म्हणजे? तुज नाहीं?"

फोन खणखणू लागले. कुंभकोणम, पापनाशम, ओरत्तनाडू. कोण हा मुलगा, पुन्हा लावा.

अखिला धावत घरी गेली. गणेशकुमार उंबऱ्यातच उभा होता. तो हसला. त्याचे ओठ हलले.

आवाज नव्हता.

स्वयंपाकघरातून चंद्रमती म्हणाली, "अगं, तो विचारतो तें सांग की. पुन्हा कधीं लावणार?"

आईला ऐकू येत होतं. शेजाऱ्यांना येत होतं. फक्त तिला येत नव्हतं.

तिनं डॉक्टरला कान दाखवले. कान उत्तम. चिमणी बोललेली ऐकू येते, पलीकडच्या गल्लीतली मोपेड ऐकू येते. फक्त भाऊ बोलला की त्या जागी काहीच नसतं.

गाणं चाललं. असं चाललं की विचारू नका. गणेशकुमार होसूरला गेला नाही. आता त्याला देवळांच्या उत्सवांत बोलावतात. अखिला पहिल्या रांगेत बसते आणि लोक टाळ्या वाजवतात तेव्हा वाजवते. त्याला तिनं काही सांगितलेलं नाही. सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. ती ओठ बघून अंदाज बांधते, मेसेजवर निभावते. भीती एकाच गोष्टीची. तो कधीतरी खरंच काही महत्त्वाचं बोलेल.

मागच्या महिन्यात तो कार्यक्रमाहून परतला. चेहरा पांढराफटक. दार लावून तिच्यासमोर बसला आणि बोलू लागला. बराच वेळ बोलला. मधेच स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला. दोनदा मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

तिला एकच शब्द ओठांवरून कळला. वरुणराव.

शेवटी त्यानं तिचे दोन्ही हात धरले आणि काहीतरी विचारलं. तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

अखिला घाबरली.

तिनं मान हलवली. हो.

गणेशकुमारनं तिचे हात सोडले. उठून तिच्या पाया पडला, चपला घातल्या आणि निघून गेला.

तो अजून परत आलेला नाही. मेसेज वाचत नाही, आईनं लावलेला फोन उचलत नाही; अखिलानं लावला की उचलला जातो. पलीकडे कुणीतरी बोलत असावं...

अखिला कानाला फोन लावून बसून राहते.