चार मिनिटांचा देश

"सहा सांगितला होता मी," जर्सी उलगडून बघत तो म्हणाला, "हा नऊ आहे."

खेळाच्या सामानाच्या त्या दुकानात जर्सीवर आकडे छापायचं काम तिचं. हात चांगला बसलेला होता. पण केसांतून पावसाचं पाणी निथळत असताना गिऱ्हाईक असं टक लावून बघत उभं राहिलं, तर आकडा उलटा नाही बसणार तर काय!

"उलटा उभा राहून वाच... सहाच दिसेल," ती म्हणाली. चूक कबूल करायची तिला सवयच नव्हती.

"अगं, मी बचावात खेळतो. नऊ नंबर गोल करणाऱ्याचा असतो. सगळे हसतील!"

"मग कर की एखादा गोल."

त्यानं खरंच केला, आणि दुसऱ्या दिवशी सांगायला दुकानात हजर! मग येतच राहिला. कधी मोजे, कधी बुटांच्या नाड्या... इतक्या नाड्या अख्ख्या संघाला लागल्या नसत्या. परदेशातून इथल्या क्लबात खेळायला आलेला, म्हणून गल्लीत सगळे त्याला 'पाहुणा' म्हणत. दुकान तिच्या वडिलांचं. ते फुटबॉलचे निवृत्त पंच; पाहुणा दिसला की मुद्दाम मोठ्यानं खाकरत आणि मागच्या खोलीत निघून जात. त्यांनाही तो आवडला होता.

काही वर्षांनी त्याला इथलं नागरिकत्व मिळालं, आणि पाठोपाठ दोन देशांचं बोलावणं आलं. एक इथल्या राष्ट्रीय संघाचं, दुसरं त्याच्या जन्मदेशाचं. तिकडच्या प्रशिक्षकाची अट एकच होती, परत येऊन तिकडच्याच क्लबात खेळायचं.

"नीट विचार कर," बाबांनी त्याला बजावलं. "स्पर्धेच्या सामन्यात एका देशाकडून मैदानात पाय टाकलास, मग मिनिटभर का असेना, की दुसऱ्या देशाचं दार बंद. तिकडे तू पहिल्या अकरात असशील. इथे तुझ्यासारखे ढिगानं आहेत."

त्या संध्याकाळी शटर अर्धं ओढून दोघं आत बसले होते.

"तू काय म्हणतेस?" त्यानं विचारलं.

बाबांचं बोलणं तिनं ऐकलं होतं. सगळं कळत होतं तिला.

"थांब ना... माझ्यासाठी," ती म्हणाली.

तो हसला, तिच्या बोटांवरचा रंग अंगठ्यानं पुसत राहिला. "ठरलं तर!"

इथल्या संघाच्या स्पर्धेतल्या पहिल्याच सामन्यात, विजय केव्हाच पक्का झाल्यावर, शेवटच्या चार मिनिटांसाठी त्याला उतरवलं. ओरडून ओरडून तिचा घसा बसला. बाबा मात्र घड्याळ बघत होते. "दुसऱ्यांनी नेऊ नये म्हणून उतरवलाय," घरी जाताना ते एवढंच म्हणाले.

पुन्हा त्याला बोलावणं आलं नाही. प्रशिक्षक बदलले, तरी नाही. आधी तो थट्टा करायचा, मग थट्टाही थांबली. दोघांचं लग्न दर वेळी पुढच्या हंगामावर जाऊ लागलं.

आणि मग त्याचा जन्मदेश पहिल्यांदाच विश्वचषक स्पर्धेत पोचला. दुकानातल्या टीव्हीवर दोघं सामना बघत होते. मध्यंतरात त्याच्या आईचा फोन आला. "बघतोयस ना रे? शेजारचा धाकटा तुझ्याच जागेवर खेळतोय!" आनंदानं बोलून गेली बिचारी, आणि मग तिनं घाईघाईनं फोन ठेवला.

"माझ्यावर राग आहे ना तुझा?" तिनं शेवटी विचारलंच.

"नाही गं. एक सांग... तेव्हा मी म्हटलं असतं, तूच चल तिकडे, तर आली असतीस?"

हो म्हणायला काय जात होतं! पण जीभ उचलेना. एवढ्या वर्षांत हा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता. त्यानं अख्खा देश बदलला होता, आणि ती या काउंटरमागून हललीही नव्हती. स्वतःचीच भयंकर लाज वाटली तिला.

"तू विचारलंच नव्हतंस..." ती कशीबशी म्हणाली.

"हो. धीर झाला नाही."

त्यानं टीव्ही बंद केला. "या महिन्यात क्लबचा करार संपतोय. नवा करणार नाही. घरी जातोय."

"तिकडच्या राष्ट्रीय संघात खेळता येणार नाही तुला!"

"पोरांना शिकवेन."

तो जाकीट चढवून दारापर्यंत गेला, तेव्हा कुठे तिचे पाय हलले. काउंटरला वळसा घालून ती धावली आणि त्याची बाही धरली.

"मी येते... येते मी तुझ्याबरोबर!"

त्यानं तिची बोटं हळूच सोडवली, क्षणभर हातात धरली.

"आता मी विचारत नाहीये गं."