झोपेतला ‘हं’

विटा गाव मागे पडलं न पडलं तोच गाडीने आपण होऊन वेग कमी केला, रस्त्याच्या कडेला एका बाभळीखाली जाऊन थांबली आणि म्हणाली, “चालक महोदय, आपणांस झोप येत आहे. कृपया वीस मिनिटे विश्रांती घ्यावी.”

“कुणाला झोप येतेय?” रघुवीर कणसे खेकसले. “टक्क जागा आहे मी!”

नव्या गाड्यांत आता झोपपारखी बसवणं सक्तीचं होतं. स्टिअरिंगवरची पट्टी तळहातातून नाडी वाचायची, समोरचा बोटभर कॅमेरा पापण्यांवर नजर ठेवायचा आणि दोघांचं एकमत झालं की गाडी कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. यंत्र चांगलंच होतं. फक्त त्याच्याशी भांडून उपयोग नसायचा, आणि भांडल्याशिवाय कणशांना काही पटत नसे.

त्यातून आज मिरजेला त्यांच्या भाचीचं, ओवीचं, लग्न होतं. गोरज मुहूर्त. वडील गेल्यापासून तिला मामाच काय तो आधार. “मामाने हात धरून नेल्याशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही,” असं तिने बजावलं होतं.

“विट्याच्या ताईने आग्रह केला म्हणून तिसरी वाटी श्रीखंड कशाला खायचं?” शैलाताई नवऱ्यावर करवादल्या. “पुरे म्हणायला तोंड नव्हतं तुम्हाला?”

“तुझीच बहीण. नाही म्हटलं असतं तर वर्षभर तूच ऐकवलं असतंस!”

हेही खरंच होतं, म्हणून शैलाताई गाडीवर उखडल्या. “आणि तू गं! मी अख्खा रस्ता यांच्याशी बोलतेय, झोप येऊ नये म्हणूनच. प्रत्येक वाक्याला ‘हं’ म्हणत होते. झोपलेला माणूस ‘हं’ म्हणतो होय?”

“चित्रण पाहावयाचे आहे का?” गाडीने शांतपणे विचारलं. तो शांतपणा फार संतापजनक होता.

“दाखव!” दोघंही एकदम ओरडली.

पडद्याच्या एका बाजूला रस्ता दिसू लागला, दुसऱ्या बाजूला कणशांचा चेहरा. रस्त्यावर पुढे उसाने लादलेली ट्रॉली होती. चेहऱ्यावरचे डोळे मिटलेले होते.

“हिरवी पैठणी विहीणबाईंना देऊ या का?” शैलाताईंचा आवाज आला.

“हं.”

ट्रॉली मोठी झाली.

“की मोतिया रंगाची?”

“हं.”

आता ऊस सोडून पडद्यावर काही दिसतच नव्हतं. मग गाडीने आपण होऊन ब्रेक दाबला आणि कणशांनी डोळे उघडले.

“ही क्षणनिद्रा,” गाडी म्हणाली. “डुलकी लागली तरी सवयीचे उत्तर तोंडातून जाऊ शकते. चालकास काही आठवत नाही.”

  फोनमधल्या साड्यांत डोकं घालून बोलत बोलत आपण दोघं त्या उसात शिरणार होतो, या विचाराने शैलाताईंना रडू यायला हवं होतं, पण आला तो संतापच.

“उठा. मागे जाऊन झोपा.”

“अगं, पण पुढे घाट...”

“मिरजेपर्यंत कुठला आलाय घाट? लायसन्स मी काय फ्रेम करून लावायला काढलंय? ओवीला मामा हवाय, मामाचा फोटो नकोय. उठा म्हणते ना!”

कणसे निमूटपणे मागे गेले. शैलाताईंनी स्टिअरिंग धरलं. “चालक पूर्ण जागृत आहे,” गाडी म्हणाली आणि निघाली. मुहूर्त अजून गाठता येणार होता.

तासगावच्या द्राक्षबागा दिसू लागल्या तशी सवयीने त्यांची जीभ सुटली. “हे ओवीला सांगायचं नाही हं.”

“हं,” मागून आलं.

 अशाच एकेका ‘हं’वर शैलाताईंनी फलटणचं घर विकलं होतं, मुलाला परदेशी पाठवलं होतं. त्यांनी आरशात पाहिलं, पण आरशात ऊन होतं, नवऱ्याचे डोळे काही दिसेनात.

“अहो,” त्यांनी हळूच विचारलं, “घर विकू या म्हटलं, तेव्हा तुम्ही जागे होता का?”