चंद्रावर पाणी शिंपडणारा

“अहो, आधी चंद्रावरून खाली उतरा!”

ती दचकली. प्रयोगशाळेतल्या नोकरीचा पहिलाच दिवस, आणि आपण बुटांसकट करड्या मातीच्या उतारावर उभ्या आहोत हे तिला आत्ता कळलं. समोर मास्क लावलेला एक उंच तरुण कमरेवर हात ठेवून उभा होता. डोळे मात्र चक्क हसत होते...

“हा चंद्र आहे?”

“दगड दळून, चाळून, भट्टीत वाळवून मीच केलाय. कित्येक महिने लागले. तुम्ही दोन पावलांत त्याची वाट लावलीत.”

तो भूशास्त्रज्ञ, सगळे त्याला मातीवाला म्हणत. ती चंद्रावर जाणाऱ्या गाडीची चाकं बनवायला आलेली, म्हणून आठवड्याभरात तिची चाकवाली झाली. तिची चाकं त्याच्या मातीत चालायची, त्यामुळे रोजची गाठ. अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

एकदा फोनवर आई कुरकुरली, “अगं, त्या ओसाड गोळ्यावर आहे तरी काय?”

“बर्फ आहे, आई! जिथे कधीच ऊन पोचत नाही अशा खड्ड्यांत. पाणी तिथेच मिळालं तर माणूस तिथे राहील, आणखी पुढे जाईल. आणि तिथे ना वारा, ना पाऊस. आपल्या पृथ्वीच्या लहानपणीच्या खुणा इथे पुसल्या गेल्या, तिथे अजून तशाच आहेत.”

फोन ठेवून तिने वळून पाहिलं. मातीवाला हातात चाळणी घेऊन तसाच उभा होता, तिच्याकडे बघत.

“काय?”

“काही नाही... बोल ना अजून.”

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्या मातीच्या धुळीने तिला ठसका लागायचा, तसाच तेव्हाही लागला. निदान तिने तरी तसंच दाखवलं.

चाचणी परवावर होती, पण मॅडम आजच येऊन ठेपल्या. प्रकल्प त्यांच्या हातात. पास झालं तर चाकवालीचं नवं चाक चंद्रावर जाणार, नाहीतर जुनंच. गाडी उतारावर सोडली... आणि चाक झरझर वर चढलं! टाळ्यांचा कडकडाट झाला. तिची नजर त्यालाच शोधत होती. तो कोपऱ्यात पांढराफटक पडून उभा होता.

“अभिनंदन नाही करायचं?”

“चाक चढलं नाही गं... मी चढवलं. काल तू खोकून खोकून लाल झाली होतीस. मला बघवेना. मातीवर पाणी शिंपडलं. म्हटलं, उद्या पुन्हा भट्टीत वाळवू. ओली माती घट्ट बसते, चाकाला धरून ठेवते. चंद्रावर कोण शिंपडणार पाणी?”

ती गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. तिचं चाक चंद्रावर गेलं असतं, आणि एवढ्या माणसांची वर्षानुवर्षांची मेहनत पहिल्याच उतारावर रुतून बसली असती. तिला त्याचा राग आला, स्वतःच्या आनंदाचाही आला. ती तडक मॅडमसमोर गेली.

“चाचणी रद्द धरा. माती ओली होती.”

“कुणी केली?”

“मी,” तो पुढे झाला.

“कशासाठी?”

“हिला... खोकला येतो.”

कुणीतरी फिसकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत.

माती वाळवून पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा चाक अर्ध्यावरच रुतलं. मॅडमनी महिन्याची मुदत दिली आणि निघून गेल्या. ती उताराशेजारी मटकन बसली. तोही बसला, जरा अंतर ठेवून.

“माझ्यामुळे झालं.”

“तुझ्यामुळे ते इथे रुतलं. तिथे रुतलं असतं तर ढकलायला कोण गेलं असतं?”

“मी गेलो असतो.”

“वेडा आहेस का?”

“तुझं चाक आहे म्हणून गेलो असतो.” तो थांबला. “मला तू आवडतेस गं. खूप.”

ती हसली, डोळे मात्र भरून आले. “मलाही तू... पण पुन्हा माझ्या मातीला पाणी लावलंस तर बघ!”

“माती माझी आहे.”

“बरं, आपली.”

मग रोज तो तिला कोरडी माती कुठे, कशी निसटते ते दाखवायचा आणि ती माती धरून ठेवणाऱ्या चाकाच्या पात्या वाढवायची, कमी करायची. मुदतीच्या दिवशी ठणठणीत कोरड्या मातीत चाक हळूहळू, पण न रुतता, माथ्यावर पोचलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मातीवाल्याला काही वाजवता आल्या नाहीत, कारण त्याचा हात चाकवालीने सगळ्यांदेखत घट्ट धरला होता.