घासून बसलेला संच

इचलकरंजीत त्या वर्षांत कॉम्प्युटरचा कोरा भाग कोण हातात धरत नव्हतं. सगळ्यांना मळलेला पाहिजे. दुकानांच्या पाट्यांवरच लिहिलेलं असायचं, 'चार वर्षं मळलेला प्रोसेसर', 'एकाच हातचं ग्राफिक्स कार्ड'. म्हाताऱ्या माणसांना हे उलटंच वाटायचं, कारण त्यांच्या तरुणपणी जुना माल म्हणजे अडगळ.

कारण होतं मळवाट. नव्या जमान्याच्या चिपांत रेषा आधी आखून ठेवलेल्या नसत. आत नुसता एका खास काचेचा थर. वीज पहिल्यांदा त्यातनं चाचपडत जायची, दुसऱ्यांदा त्याच वाटेनं जरा सुरळीत, आणि लाखदा गेली की वाट पक्की पडायची. गायरानातनं माणसं एकाच बाजूनं चालली की गवत मरून पायवाट उमटते ना, तसं. कॉम्प्युटरवर खेळणारा जसा खेळेल तसं हे आतलं गायरान मळायचं. मळलेल्या मशीनला खेळणाऱ्याची चाल त्याच्या अर्धा श्वास आधीच कळायची. कोरी मशीन बसायची विचार करत.

आदगोंडा मगदूमला, म्हणजे सगळ्या गावाच्या आदाप्पाला, यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. तो चाळीस वर्षं यंत्रमागांवर जॉबर. जॉबर म्हणजे मागाचा डॉक्टर म्हणा. शेडात शंभर माग एकदम खडखडत असायचे आणि हा दारात उभा राहून सांगायचा, "तिसऱ्या रांगेतला दुसरा बंद करा, त्याचं चाक खातंय." उघडून बघावं तर चाकाचा दात झिजलेलाच. त्याची सगळी विद्या कानात होती.

पण त्याची पोरगी सन्मती हाडाची खेळाडू निघाली. वय अठरा. जिल्ह्याच्या संघात होती, दोन महिन्यांनी राज्याची निवड होती, आणि आजवर ती मैत्रिणींच्या मशीनवर खेळत आलेली. निवड झाली की पुढचं शिक्षण खेळाच्या अकादमीत. आदाप्पानं शब्द दिला होता, "पहिली मशीन तुझी स्वतःची. आणि जोडायची आपण दोघांनी मिळून."

म्हणून बाप-लेक कोल्हापूरला डॉ. वैजयंती किणीकरांकडं गेले. या बाईंनी प्रयोगशाळेत मळवाटेच्या काचेवर उभी हयात काढली होती. आता घरीच बसून भागांच्या जोड्या लावून द्यायच्या. त्यांनी लावलेली जोडी कधी भांडत नाही, असं बोललं जायचं.

बाई वरच्या मजल्यावरनं उतरल्या. टक, टक, टक, जरा थांबून, टक. आदाप्पाचा कान सवयीनं उभा राहिला. बाईंचा गुडघा गेलाय, त्याला वाटलं. पण बाई खोकी काढायला जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि हात न टेकता उठल्यासुद्धा.

"पूर्वी सोपं होतं," बाई म्हणाल्या. "प्रोसेसर मदरबोर्डच्या खाचेत बसला, वीज पुरली, झालं. आता खाचेत बसतो सगळ्यांचाच. पण एका घरचा प्रोसेसर आणि दुसऱ्या घरचं ग्राफिक्स कार्ड शेजारी ठेवलं की एकाला डावीकडं वळायची सवय, दुसऱ्याला उजवीकडं. खेळ अडखळतो."

"सासू-सुनेगत," आदाप्पा म्हणाला.

"आप्पा!" सन्मतीनं कोपर मारलं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कपाटातनं एक खोकं काढलं. आत चार भाग होते. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम आणि पायपट्टी. पायपट्टी म्हणजे खेळताना ज्याच्यावर उभं राहायचं ती फळी, तिला पायाखालचं वजन कळतं. चारी भाग एकाच मशीनमधले, सहा वर्षं एकाच खेळाडूचे.

"तो आता खेळत न्हाई का?" आदाप्पानं विचारलं.

"नाही खेळत." बाई पट्टीवरची धूळ पुसत राहिल्या. "मगदूम, सगळा संच एकत्र नेऊ नका. मधली रॅम तरी कोरी घाला. सहा महिने जड जातील, पण मशीन हळूहळू मुलीची होईल."

"सहा महिनं? निवड दोन महिन्यांवर आलीय, मॅडम!" सन्मती कळवळली.

आदाप्पा तर रागावलाच. "बाई, तुमी शिकलेल्या हाईसा, पण ही चूक मला करायला सांगू नका. दोन दातेरी चाकं धा वर्षं एकमेकांवर फिरली की घासून बसत्यात. एकाचा दात झिजलेला, दुसऱ्याचा खड्डा त्याच मापाचा. त्यातलं एक काढून नवं घातलंसा, तर ते नवंच झिजतंय. घासून बसलेला संच फोडायचा नसतो. हे मला माझ्या उस्तादानं पयल्या दिवशी शिकवलं."

खरं तर बाईंनी वाद घालायला पाहिजे होता. त्यांनी घातला नाही. "बरं," एवढंच म्हणाल्या, फार लवकर म्हणाल्या, आणि खोकं स्वतःच्या हातानं बांधून दिलं.

घरी माडीवर दोघांनी मशीन जोडली. मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये बसवताना आदाप्पाचा स्क्रू पडला, तर सुलोचना, त्याची बायको, खालनं ओरडली, "अहो, माग न्हाई तो, हातोडी ठेवा बाजूला!" पहिल्या फटक्यात मशीन सुरू झाली. आवाज तर असा, की आदाप्पा कौतुकानं डोळे मिटून ऐकत बसला. कुठं खरखर नाही, कुठं आचका नाही.

पहिला आठवडा सन्मती हरत होती. "मी डावीकडं जायचं म्हणती, ही आधीच उजवीकडं गेल्याली असती," ती चिडायची. दुसऱ्या आठवड्यात बरोबरी झाली. तिसऱ्या आठवड्यात ती जिल्ह्यात कुणालाच ऐकेना. आदाप्पा चौकात चहाच्या गाड्यावर सांगत सुटला, "संच फोडू दिला न्हाई मी. त्या डॉक्टरीणबाईला काय ठावं!"

मग एका सकाळी तो सोप्यात बसून दाढी करत होता. माडीवरनं कोणतरी उतरायला लागलं. टक, टक, टक, जरा थांबून, टक.

"कोण आलंय गं वर?" त्यानं सुलोचनाला विचारलं.

"कोण येतंय? सन्मतीच की."

सन्मतीच होती. पाण्याचा तांब्या घेऊन गेली. आदाप्पाचा साबण गालावरच वाळला. अठरा वर्षं तो त्या पोरीची पावलं ऐकत आला होता. ती जिना उतरायची नाही, जिन्यावरनं सांडायची. हे पाऊल तिचं नव्हतं.

त्यानंतर तो नुसता ऐकतच राहिला. ती ताटाशी बसली की बोटांनी पाटावर ठेका धरायची, तीन आणि एक. हाक मारली की ओ द्यायच्या आधी तेवढंच थांबायची. बोलायची तशीच, हसायची तशीच, आईशी भांडायची तशीच. बघणाऱ्याला काही कळलं नसतं. पण शंभर मागांत एक चाक खायला लागलं की ज्याला दारातनं कळतं, त्याला कसं कळणार नाही?

त्यानं जिन्याचा आवाज फोनवर भरला आणि एकटाच कोल्हापूर गाठलं.

किणीकरबाईंनी डोळे मिटून आवाज ऐकला. "पुन्हा लावा," म्हणाल्या. पुन्हा लावला. "पुन्हा." पाचव्या वेळी त्यांच्या गालावरनं पाणी ओघळलं आणि तोंडावर मात्र हसू होतं. ते बघून आदाप्पानं फोन मागं ओढला.

"निषाद," बाई म्हणाल्या. "माझा मुलगा. लहानपणी सायकलवरून पडला होता, उजवा गुडघा कायमचा दुखायचा. शेवटच्या पायरीआधी थांबायचा. गेल्या वर्षी गेला, मगदूम. तापानं. एकवीस वर्षांचा होता."

"माझ्या पोरीचा गुडघा ठणठणीत हाय."

"हो. पण पायपट्टीला सहा वर्षं दुखऱ्या गुडघ्याची सवय होती. वजन जरा उशिरा पडणार, हे पट्टीनं धरूनच ठेवलं होतं. प्रोसेसरनं तसं, रॅमनं तसं. सन्मती त्या ठेक्यात खेळली की जिंकायची, स्वतःच्या ठेक्यात खेळली की हरायची." बाईंनी डोळे पुसले. "मेंदूही मळवाटच आहे. आम्ही ती काच मेंदूवरूनच उचलली होती. तुम्ही म्हणालात ना, जुन्या संचात नवं चाक घातलं तर नवंच झिजतं? त्या संचात नवा भाग एकच होता. तुमची मुलगी."

आदाप्पा उभा राहिला. मूठ वळलेली. "तुमाला ठावं होतं."

"मी सांगितलं होतं, कोरी रॅम घाला म्हणून."

"एकदा सांगितलंसा! एकदाच! आडवं का पडला न्हाईसा?"

बाईंची नजर त्याच्या फोनवरच होती. त्या म्हणाल्या, "रविवारी येऊ का मी? काही बोलणार नाही तिच्याशी. नुसती जिन्याखाली बसेन."

"माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाई," आदाप्पा म्हणाला. मग दारात जाऊन परत फिरला, कारण शेवटी बाप. "ती परत सरळ कशी हुईल, तेवढं सांगा."

"मशीन बंद करा. आणि ज्याची चाल सरळ आहे अशा कुणीतरी सतत तिच्याबरोबर राहायला हवं. चालताना, काम करताना, जेवताना. तिची वाट पुन्हा मळेल." बाई जराशा थांबल्या. "पण दोन चाकं एकमेकांवर फिरतात तेव्हा कुठलं झिजतं, मगदूम? ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत."

"मऊ असतंय ते," आदाप्पा म्हणाला, आणि निघून आला.

घरी येऊन त्यानं भर दुपारी मशीन उघडली. जन्मात पहिल्यांदा घासून बसलेला संच फोडला. चार भाग चार खोक्यांत घातले. निवडीला अकरा दिवस उरले होते. सन्मती दारात उभी राहून बघत होती. त्याला वाटलं आकांत करील, खोकी हिसकावील.

"आप्पा, मला रडू येईना झालंय," ती म्हणाली. "दुसऱ्याच कुणाचं तरी कायतरी हरवलंय, असं वाटतंय."

त्यानं तिला जवळ घेतलं. पाठीवर तिच्या बोटांनी ठेका धरला. तीन, आणि एक.

निवड हुकली. आदाप्पा पोरीला रोज मागाच्या शेडात न्यायला लागला. सकाळी बरोबर जाणं, बरोबर येणं, दुपारी एका डब्यात जेवणं. तिला चाकं खोलायला शिकवलं, तेल घालायला शिकवलं. नवं चाक कसं बसवायचं हे त्याला माहीत होतं. घाई करायची नाही, तेल कमी पडू द्यायचं नाही, आणि रोज थोडं थोडं फिरवत राहायचं. चालताना तो तिच्या पावलावर कान ठेवायचा आणि तिच्या शेजारी आपलं पाऊल टाकायचा. दसरा गेला, दिवाळी गेली. पोरगी हळूहळू खुलली. आईची नक्कल करायला लागली, चहाला जास्त साखर मागायला लागली. खोकी माळ्यावर धूळ खात पडली.

संक्रांतीच्या सकाळी दोघं माडीवर आवरून एकदमच खाली यायला निघाले. आदाप्पानं सवयीनं कान दिला. दोन माणसांची पावलं, पण आवाज एकच. कुठं मागं नाही, कुठं पुढं नाही. इतका चपखल मेळ त्यानं उभ्या जन्मात मागावर ऐकला नव्हता. जमलं, त्याला वाटलं. बसली जोडी. आनंदानं त्यानं पोरीकडं बघितलं, पोरगी त्याच्याकडं बघून हसली.

"अहो," सुलोचना स्वयंपाकघरातनं म्हणाली, "महिनाभर बघतीय मी. गुडघा दुखतोय का तुमचा?"

आदाप्पा तसाच उभा राहिला, शेवटच्या पायरीच्या वर, एक पाय उचललेला. किणीकरबाई हात न टेकता जमिनीवरनं उठल्या होत्या ते त्याला आठवलं. त्यांच्याही गुडघ्याला काही झालेलं नव्हतं.

"न्हाई," तो म्हणाला. पण म्हणायच्या आधी जरासा थांबला.

आत सुलोचना बाजरीची भाकरी थापत होती. त्यानं कान बंद करायचा प्रयत्न केला, पण चाळीस वर्षांचा कान, तो काय ऐकतोय होय. परातीत थाप पडत होती. थप, थप, थप.

आदाप्पा चौथीची वाट बघत राहिला. ती जरा थांबूनच आली.